कारण : घरगुती

जून लागला की लातूरच्या कोर्टाबाहेर टायपिंगच्या टपऱ्यांवरची गर्दी बदलते. एरवी तिथं भाडेकरार, नावातला बदल, वारसाची शपथपत्रं अशी कामं चालतात आणि येणारी माणसं पोक्त असतात. जूनमध्ये पोरं येतात. हातात प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये टीसी, मार्कमेमो, आधारची झेरॉक्स, आणि शेजारी बहुधा बाप. त्यांना गॅप सर्टिफिकेट हवं असतं. शिक्षणात एखाद-दोन वर्षांचा खंड पडला असेल तर पुढच्या प्रवेशाच्या वेळी कॉलेज ते मागतं. म्हणायला सर्टिफिकेट, पण असतं ते शपथपत्रच : मी अमुक, वय इतकं, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सन अमुक ते सन तमुक या काळात मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता, या काळात माझ्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही, आणि माझं शिक्षण पुढील कारणामुळं खंडित झालं होतं.

इथं टायपिस्टचे हात थांबतात. "कारण काय टाकू?"

पोरगं बापाकडं बघतं. बाप रस्त्याकडं बघतो. टायपिस्टला मागं रांग दिसत असते. तो कुणाच्याच उत्तराची वाट बघत नाही. "घरगुती टाकतो," म्हणतो आणि पुढची ओळ सुरू करतो.

मी या कोर्टात बारा वर्षं वकिली करते. पोटगीची, अपघात भरपाईची, चेक न वटल्याची कामं जास्त. जूनमध्ये अशा पंधरा-वीस शपथपत्रांवर ओळख म्हणून माझी सही असते. त्या सगळ्यांवर कारण एकच असतं. सगळ्या जिल्ह्यातल्या पोरांची वर्षं जणू एकाच घरात वाया गेली. माझंही त्याच घरात गेलं. जून २००७ मध्ये याच रांगेतल्या एका टपरीपुढं मी उभी होते, आणि माझ्या कागदावरही तोच शब्द पडला होता. तेव्हा संगणक नव्हता, टाइपरायटर होता. एवढाच फरक.

आज लिहायला बसले त्याचं निमित्त असं, की मागच्या आठवड्यात औशाकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन ऑफिसात आले. मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात दोनदा अडकलेला, मग ते सोडून कशीबशी बीए झालेला. वडील म्हणाले, "मॅडम, बाकी काही जमलं नाही त्याला. म्हटलं, निदान लॉ तरी करावं."

'तरी' हा शब्द मी बारा वर्षं ऐकते आहे. कॉलेजात पाय घसरलेल्या पोराचं काय करायचं, याचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'लॉ तरी'. आणि याला जोडूनच बार रूममध्ये दुसरं वाक्य ऐकू येतं. ते ज्येष्ठांचं. "कुणीही उठतो आणि वकील होतो. पदवीला साठ टक्क्यांची अट घाला, मग बघा." मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचं आहे. पण भांडायच्या आधी माझा मार्कमेमो दाखवला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला बोलायला काय जातंय.

मी लातूर पॅटर्नची पोरगी. सकाळी साडेपाचला क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, रोज टेस्ट, रविवारी मोठा पेपर. आई चार वाजता उठवायची. दोन वर्षं मी स्वतःहून एकही निर्णय घेतला नाही, तशी गरजच पडली नाही. २००४ ला बारावी झाले. मेडिकलला नंबर लागला नाही, तो थोडक्यात हुकला असंही नाही, बराच हुकला. मग पुण्यात बीएस्सी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, एका खोलीत चौघी.

पुण्यात मला कुणी उठवायला नव्हतं. हे वाचून हसू येईल, पण माझ्या पडझडीचं पहिलं कारण हेच आहे. दुसरं कारण काचेचं आहे. दुसऱ्या की तिसऱ्या प्रॅक्टिकलला माझ्या हातून ब्युरेट फुटली. सर सगळ्या बॅचपुढं इंग्रजीत काहीतरी बोलले, काही जणी हसल्या. मला निम्मंच कळलं, उरलेलं निम्मं मी रात्रभर मनानं रचत बसले. ते सरांच्या बोलण्यापेक्षा नक्कीच वाईट होतं. पुढच्या प्रॅक्टिकलला गेले नाही. गेले नाही म्हणून जर्नल अपुरं राहिलं. जर्नल अपुरं म्हणून त्याच्या पुढच्यालाही गेले नाही. दिवाळीपर्यंत मी कॉलेजच्या दारावरूनसुद्धा जायचं टाळायला लागले होते.

निकाल लागला. चार विषय गेले. अण्णांना फोनवर सांगितलं, "निकाल राखून ठेवलाय, विद्यापीठाचा घोळ आहे." अण्णा मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. विद्यापीठाचा घोळ असू शकतो, यावर त्यांचा सहज विश्वास बसला. त्यानंतरचं अख्खं वर्ष मी पुण्यात राहिले, त्यांच्या पैशावर मेसमध्ये जेवले आणि काहीही केलं नाही. एप्रिल २००६ मध्ये, माझा पेपर आहे असं मी सांगितलेल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता अण्णा खोलीच्या दारात उभे राहिले. हातात तूरडाळीची पिशवी होती. मी झोपेतून उठून दार उघडलं होतं.

"काय करलालीस तू इथं?" एवढंच विचारलं त्यांनी. मग माझी ट्रंक स्वतः भरली.

परतीच्या एसटीत टेंभुर्णी गेलं, कुर्डुवाडी गेली, बोलले नाहीत. बार्शीला गाडी थांबली तेव्हा चहा आणून दिला आणि म्हणाले, "नापास झालीस त्याचं काही नाही. मला सांगायचं होतंस की." ते वाक्य मला अजूनही नापास होण्यापेक्षा जड जातं.

तर माझं खरं कारण हे : एक ब्युरेट, एक न कळलेलं वाक्य, आणि एका वर्षाचं खोटं. यातलं घरगुती काय होतं? घर तर बिचारं डाळ पाठवत होतं.

पुढचं वर्ष मी अण्णांसोबत आडतीवर काढलं. सौद्यानंतर शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी द्यायची असायची : इतके क्विंटल, हा भाव, वजा हमाली, वजा तोलाई, वजा आडत, बाकी देणे. पट्ट्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. एकदा रेणापूरकडचा एक शेतकरी पट्टी हातात धरून मला म्हणाला, "ताई, ही जी कपात आहे ती कुठल्या कायद्यात लिहिलीय ते दाखवा, मी मुकाट घेतो." आडतीवर एवढी माणसं बसली होती, कुणालाच सांगता येईना. सगळे म्हणाले, पद्धत आहे. मी बाजार समितीच्या कचेरीतून १९६३ चा कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीचा कायदा मागून आणला आणि रात्री वाचत बसले. त्या शेतकऱ्याचं निम्मं बरोबर निघालं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि उठवायलाही कुणी लागलं नव्हतं.

म्हणून २००७ ला लातुरातच बीएला नाव घातलं, त्यासाठी ते गॅप सर्टिफिकेट केलं. २०१० ला पदवी मिळाली, चोपन्न टक्के. तेव्हा लॉच्या तीन वर्षांच्या कोर्सला पदवीच्या गुणांवर यादी लागायची. नोटीस बोर्डावर चिकटवलेल्या यादीत मी खालून चौथी होते. मी यादी वरून वाचायला सुरुवात केली, मधे कंटाळले, मग शहाणपण सुचून खालून वाचली. २०१३ ला एलएलबी झाले, सनद घेतली, बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षाही झाली. ही गोष्ट इथंच संपली असती तर ती दिवाळी अंकातल्या प्रेरणादायी पानावर छापण्याजोगी होती. मला ती तशी नको आहे.

आता आजचं दार कसं आहे ते सांगते, कारण ऑफिसात येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना ते माहीत नसतं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणं तीन वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. गुण किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सलाही हेच आकडे, फक्त ते बारावीचे. म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष पार बुडालेलं असलं, तरी बारावी धड असेल तर नव्यानं पाच वर्षांची वाट आहेच. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण तिच्याखाली रीतसर बारावी हवी. थेट पूर्वपरीक्षेवर घेतलेली पदवी चालत नाही, आणि या एका मुद्द्यावर कितीतरी बायाबापड्यांचा हिरमोड होताना मी पाहिला आहे. वयाची अट २००८ मध्ये घातली, मधे मागं घेतली, २०१६ मध्ये पुन्हा आणली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. तेव्हा चौतिसाव्या वर्षी विचारायला येणारीला मी आत बसवते, परत पाठवत नाही.

महाराष्ट्रात २०१६ पासून लॉची सीईटी आली. खरा बदल इथं झाला. पेपर मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि कॉलेज मिळतं ते सीईटीच्या गुणांवर. पदवीचे टक्के फक्त उंबरठा ओलांडण्यापुरते. माझ्या वेळी चोपन्न टक्के गळ्यात पाटीसारखे लटकत होते. आज ४६ टक्क्यांचा पोरगा सीईटीत चांगला उतरला तर मुंबईचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस मागू शकतो. सीईटीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. प्रवेशफेऱ्या लांबतात, पहिल्या सत्राला जेमतेम दोन-अडीच महिने उरतात, ही तक्रार माझीही आहे. पण उशिरा शहाणं झालेल्या पोराच्या बाजूनं बघा. एकोणिसाव्या वर्षी तू काय केलंस, याऐवजी आज तुला काय येतं, असं विचारणारं हे आपल्याकडच्या मोजक्या दारांपैकी एक आहे.

उंबरठा मात्र दगडाचा आहे. ४४.९ म्हणजे ४५ नव्हे. एका मुलाचे ४४.७ होते. तो माझ्यासमोर तीनदा बेरीज करून बसला. त्याला मी चहा दिला, दुसरं काही देऊ शकले नाही.

आता ज्येष्ठांच्या साठ टक्क्यांकडं वळते. वकिलांचा दर्जा घसरतो आहे, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. कैफियतीत 'नाकबूल' लिहायचं तिथं 'कबूल' लिहिणारे मीही पाहिले आहेत. पण दर्जा गळतो कुठं? दारात गळत नाही, आत गळतो. नियमानं सत्तर टक्के हजेरी लागते. ती कागदावर कशी भरते, हे या व्यवसायात कुणाला सांगायची गरज नाही. तीन वर्षं वर्गात न बसता, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड वाचून पास होता येतं, आणि बारावीला नव्वद टक्के असलेलाही तसा पास होतो. त्याला साठ टक्क्यांची चाळणी काय करणार? पुढं सनदेनंतरची परीक्षा आहेच. ती घ्यायचा बार कौन्सिलला अधिकार आहे, यावर २०२३ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं आहे. ती अवघड करा, मी टाळ्या वाजवीन. वर्गात हजेरी खरी घ्या, मसुदालेखनाच्या पेपरात खरोखर मसुदे लिहून घ्या, मूट कोर्ट नुसतं फाईलला लावायला नको. हे सगळं करण्यापेक्षा दारावरचा आकडा वाढवणं सोपं, म्हणून तो आठवतो. आणि तो वाढवला की कोण बाहेर राहील, हेही माहीत आहे. आडतीवर पट्टी लिहिणारी बाहेर राहील. जिचं पहिलं वर्ष ब्युरेटपाशी अडलं ती.

'लॉ तरी' म्हणणाऱ्या वडिलांशी माझं भांडण वेगळं आहे. त्यांना वाटतं, कायदा म्हणजे हरलेल्यांची धर्मशाळा. येऊन पडावं, कुणी विचारत नाही. औशाच्या त्या मुलाला मी विचारलं, "इंजिनिअरिंगला काय झालं होतं?" त्याच्या आधी वडील म्हणाले, "मॅथ्स." मी म्हटलं, "दादा, त्याला बोलू द्या." मुलगा म्हणाला, "घरगुती अडचण होती, मॅडम." वडिलांनी चमकून त्याच्याकडं पाहिलं. घरात तशी काहीच अडचण नव्हती, निदान त्यांना ठाऊक असलेली.

अशा वेळी पालकांना धीर द्यायला दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालमीला दिलं, परीक्षेत मार खाल्ला, आणि तरी १८७९ मध्ये एलएलबी झाले. दुसरी, गांधीजी भावनगरच्या सामळदास कॉलेजातून पहिल्याच सत्रानंतर घरी परतले, अभ्यास झेपेना म्हणून, आणि १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले. दोन्ही खऱ्या. पण मी त्या पोरांना सांगत नाही. टिळकांचं वर्ष वाया गेलं नव्हतं, त्यांनी ते ठरवून शरीर कमावण्यात घातलं होतं. कुणी विचारलं असतं तर कारण तयार होतं. गांधीजींनी तर आपण का परतलो ते आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं आहे. आमच्यासारख्यांची गोची अशी, की आम्ही काही ठरवलेलं नसतं आणि काही लिहिलेलंही नसतं. वर्ष निसटलेलं असतं, आणि कसं निसटलं ते आठवायचीही भीती वाटते.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात कलम ५ आहे. अपील किंवा अर्ज मुदतीनंतर दाखल करणाऱ्यानं उशिराचं पुरेसं कारण दाखवलं, तर न्यायालय तो उशीर माफ करू शकतं. गंमत अशी, की पहिल्यांदाच आणलेल्या दाव्याला हे कलम लागत नाही, अपिलाला लागतं. एकदा निकाल विरुद्ध गेलेल्या माणसाला उशिराची सवलत आहे. नापास झालेल्या पोरांनी हे कलम पहिल्या दिवशी वाचावं असं मला वाटतं, कारण ती सगळी अपिलातच आलेली असतात.

या कलमाखाली न्यायालयं बरीच उदार असतात. १९८७ च्या काटिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रत्येक दिवसाच्या उशिराचा खुलासा मागायचा म्हणजे किस काढत बसायचं नाही; उशीर करून कुणी मुद्दाम आपलंच नुकसान करून घेत नसतो. पण उदार न्यायाधीशालाही कारण लागतं. विलंब माफीच्या अर्जात नुसतं 'घरगुती अडचणीमुळे' लिहिलं तर समोरचा वकील त्याच्या चिंध्या करतो. कुणाची अडचण? कोणत्या तारखेपासून? आजारी असाल तर कागद कुठं आहे? अर्ज तारखा सांगायला लागला की न्यायाधीश मान वर करून बघतात. उशीर माफ होतो, बहुतेकदा खर्च भरायच्या अटीवर. खर्च भरायचा, आणि मूळ प्रकरण चालवायचं.

म्हणून ऑफिसात येणाऱ्या पोरांना मी एक कोरा कागद देते. म्हणते, हा कॉलेजला द्यायचा नाही, मलाही दाखवायचा नाही. तुझ्या पहिल्या वर्षाचा विलंब माफीचा अर्ज लिही, तारखांसकट. कोणत्या दिवशी पहिल्यांदा गेला नाहीस? घरी पहिलं खोटं कधी बोललास? कुणाला सांगता आलं असतं? ज्याला हे अर्धं पान लिहिता येतं, त्याला मी सीईटीची पुस्तकं सांगते. ज्याला येत नाही, त्याला म्हणते, आठ दिवसांनी ये. या आठ दिवसांत बरीचशी 'लॉ तरी'वाली मंडळी गळतात, आणि ते बरंच आहे. त्यांना वकील व्हायचंच नव्हतं. वकिलाचं काम दुसऱ्याच्या चुकीचं कारण शोधून ते कोर्टापुढं उभं करायचं. स्वतःच्या चुकीपाशी जो 'घरगुती' म्हणून थांबला, तो पक्षकाराच्या खुलाशाच्या मागं जाऊन कसा बघणार? पोटगीच्या प्रकरणात बाई पहिल्या दिवशी म्हणते, "नवरा नीट वागत नाही." 'नीट'च्या मागं काय आहे ते निघायला कधी कधी तीन तारखा जातात. ती थांबायची सवय मला कुठल्या वर्गात लागली नाही. ती बार्शीच्या स्टँडवर लागली.

आणि हे सगळं पोरांनीच करायचं, असंही नाही. माझं जर्नल दिवाळीपर्यंत अपुरं होतं. हजेरीपटावर माझ्या नावापुढं ओळीनं गैरहजेऱ्या होत्या, म्हणजे कुणीतरी रोज माझं नाव वाचत होतं आणि माझं नसणं लिहून ठेवत होतं. लिहिणाऱ्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, ही कुठे आहे? मला त्या कॉलेजला दोष द्यायचा नाही, सगळीकडं असंच होतं आणि आजही आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं मधेच बाहेर पडायची आणि पुन्हा आत यायची सोय केली आहे, श्रेयांकांची बँक निघाली आहे. चांगलं आहे. पण बाहेर पडायला दार असणं निराळं आणि बाहेर पडणाऱ्याला दारात कुणी थांबवणं निराळं. माझी मागणी मोठी नाही. पहिल्या सत्रात सलग तीन आठवडे न दिसलेल्या मुलाला कॉलेजनं एक फोन करावा, आणि तो मराठीत करावा. चौकशी नको, धमकी नको. "काय झालं?" एवढं विचारावं. शपथपत्रात माझ्यावर गुन्हा नाही हे लिहून घेण्याची आपल्याला एवढी घाई, आणि काय झालं हे विचारायला वर्षभरात एक मिनिट नाही?

मागच्या वर्षी एक मुलगी आली होती, एकटीच. बीकॉमचं पहिलं वर्ष गेलेलं, दोन वर्षं घरी, आता पाच वर्षांच्या लॉला सीईटीतून नंबर लागलेला. तिनं माझ्या ऑफिसच्या बाकावर बसून कोऱ्या कागदावर पाऊण तास लिहिलं, कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि आम्ही दोघी टपरीवर गेलो. टायपिस्टनं स्क्रीनवर तयार नमुना उघडला. त्यात 'घरगुती कारणामुळे' हे शब्द आधीच टाइप केलेले होते. वर्षं आणि नाव तेवढं बदलायचं.

ती म्हणाली, "ते खोडा. लिहा, प्रथम वर्षात अनुत्तीर्ण झाल्याने आणि त्यानंतर भीती वाटल्याने."

टायपिस्टनं माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, असं चालंल का? कॉलेजवाले परत पाठवतील."

मलाही खात्री नव्हती. बारा वर्षांत असं कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी ओळखीची सही केली, नोटरीचा शिक्का झाला. दुसऱ्या दिवशी माझी तारीख त्याच रस्त्याला होती, म्हणून मी तिच्यासोबत प्रवेशाच्या खिडकीपाशी गेले. क्लार्कनं कागद घेतला, स्टॅम्प बघितला, नोटरीचा शिक्का बघितला, यादीतल्या 'गॅप' या शब्दापुढं टिक केली आणि कागद फाईलला टाचला.

कारणाची ओळ त्यानं वाचलीच नाही. २००७ मध्ये माझीही कुणी वाचली नसणार.

"पुढं," क्लार्क म्हणाला.